कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे त्रास खोटा नव्हे

इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे संसर्ग नसतानाही मूत्राशय दुखत राहण्याचा आजार, यावरच्या लेखात लक्षणं छान मांडली आहेत, पण निदान का लांबतं हे दोन ओळींत उरकलंय. खरी मेख तिथेच आहे. या आजारासाठी एकच अशी ठाम तपासणी नाही. संसर्ग, खडे, कर्करोग एकेक करून वगळायचे आणि त्रास ६ आठवड्यांहून जास्त टिकला तर याचा विचार करायचा. माझ्या बहिणीचं युरिन कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ही तपासणी) दर वेळी निगेटिव्ह, तरी अँटिबायोटिक नवं. वर 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला फुकट!

शेवटी उपयोगी पडली ती साधी वही. लघवी किती वाजता, किती मिली, आधी दुखणं किती, नंतर किती. मूत्राशय भरेल तसं दुखणं वाढतं आणि लघवी झाली की थोडा वेळ उतरतं, हे त्या पानांवर स्पष्ट दिसलं. अतिक्रियाशील मूत्राशयात घाई असते, पण असं दुखणं सहसा नसतं. दुर्बिणीतून मूत्राशय आतून पाहिलं तरी डॉ. हनर यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेले व्रण थोड्याच रुग्णांत सापडतात. बाकीच्यांचं अस्तर वरवर ठीकठाकच दिसतं.

लेखातली एक गोष्ट मात्र खटकली: केगल व्यायामाची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाची, सरसकट शिफारस. हे स्नायू आधीच आखडलेले असतील तर ते आणखी आवळून त्रास वाढू शकतो. तिथे स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी लागते, आणि ती जाणणारं कुणी सापडणं हे वेगळंच प्रकरण.