खानदानी शेतकरी कसे व्हाल?

शेतकरी म्हणून मिरवायचंय, पण नखात माती जायला नको? मग अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्या लॉर्डच्या पोटी जन्म घ्या. तोही थोरला म्हणून. धाकट्यांनी फौजेत नाहीतर चर्चमध्ये जावं. भावाभावांत गुंठे वाटायची आपली खोड तिकडे नाही.

जमीन अपुरी पडतेय? बांध कोरणं हे गरिबाचं काम. तुम्ही थेट संसदेतून कायदा आणा. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि ६८ लाख एकर सामायिक जमीन कुंपणाआड गेली. तिथे ज्यांची गाय चरायची, त्यांना तुमच्याच शेतावर मजुरीला ठेवा. वर उपकारही होतात.

आता सलगम लावा. म्हणजे लावायला सांगा. व्हायकाउंट टाउनशेंड १७३० मध्ये मंत्रिपद सोडून नॉरफोकला परतले आणि सलगमाचं एवढं कौतुक करत बसले की ‘सलगम टाउनशेंड’च झाले. तिथले शेतकरी ते आधीपासूनच पिकवत होते, पण त्यांच्याकडे हवेली कुठे होती? भर थंडीत गोठलेल्या मातीतून सलगम उपटून पाला छाटताना मजुरांची बोटं फुटतात, तेव्हा तुम्ही शेकोटीपाशी बसून पिकांच्या फेरपालटावर बोला.

जंगल हवंच. ओक लावा. तो तोडणीला यायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात, त्यामुळे हिशेब मागायला कुणी उरत नाही. मध्ये शिकार करा. १६७१ च्या कायद्यानं वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन नसलेल्याला स्वतःच्या शेतातला ससाही मारता येत नव्हता. ससा पीक खाणार त्याचं, ताटात येणार तुमच्या. १७२३ पासून तर तोंडाला काळं फासून हरणं मारणाऱ्याला फाशी. तुमची लावलेली झाडं तोडणाऱ्यालाही तीच. यालाच वनसंवर्धन म्हणायचं.

आणि हवेलीसमोर गाव आडवं येत असेल, तर गाव हलवा. डॉर्सेटच्या लॉर्ड मिल्टननं तेच केलं. धरण नाही, महामार्ग नाही. नजारा बिघडत होता, एवढंच. अख्खं मिडलटन पाडलं, टेकडीपलीकडे एकसारखी गवती छपरांची घरं बांधली आणि एकेका घरात दोन-दोन कुटुंबं घातली. एक वकील तेवढा हलेना. लॉर्डसाहेबांनी त्याच्या घरात तलावाचं पाणी सोडलं, तर तो कोर्टात गेला आणि जिंकला, असं सांगतात. तेव्हा गाव उठवण्याआधी तिथे वकील राहतो का, तेवढी चौकशी करून घ्या.