यकृत प्रत्यारोपण, स्वादुपिंडातील गाठ आणि एक धोकादायक संदेश

सोलापुरातील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली तर तो कर्करोगच समजावा, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे ती झपाट्याने वाढते म्हणून त्या निम्म्या कराव्यात, दरमहा सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारा एक घटक) ही रक्तचाचणी करावी आणि गाठ ताबडतोब काढून टाकावी, असा त्याचा आशय आहे. पुण्याला प्रत्यारोपण झालेल्या माझ्या एका रुग्णाच्या मुलीने तो दाखवून विचारले, "उद्यापासून बाबांची गोळी अर्धी देऊ का?" म्हणून हे उत्तर.

पहिला दावा कर्करोगाचा. प्रत्यारोपणाआधी आणि नंतर पोटाचे स्कॅन वारंवार होतात, त्यामुळे एरवी आयुष्यभर कळल्या नसत्या अशा गाठीही नजरेस पडतात, आणि वय वाढते तसे त्यांचे प्रमाणही वाढते. त्यांत अनेक प्रकार असतात. दारूमुळे यकृत निकामी झालेल्या रुग्णाला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेला असेल, तर त्या दाहानंतर साठलेला द्रवही गाठीसारखा दिसतो आणि त्याचा कर्करोग होत नाही. स्वादुपिंडाच्या उपनलिकेत चिकट द्रव साठून झालेल्या गाठीवर मात्र लक्ष ठेवावे लागते, कारण त्यांतील थोड्या गाठी पुढे कर्करोगाकडे वळू शकतात.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. या गोळ्यांमुळे त्वचेचा कर्करोग आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांचा धोका वाढतो, हे खरे आहे. पण तोच नियम स्वादुपिंडातील गाठींना लावण्यास आधार नाही. प्रत्यारोपणानंतर अशा गाठींचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत त्या इतरांपेक्षा वेगाने बिघडल्याचे दिसले नाही, आणि २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही या रुग्णांवर इतरांप्रमाणेच देखरेख ठेवण्यास सांगितले आहे. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची मात्रा रक्तातील पातळी मोजून ठरवलेली असते. ती घरच्या घरी निम्मी केली, तर शरीर नवे यकृत नाकारू लागण्याचा धोका खराखुरा आहे. विडी-तंबाखूविषयी मात्र हा संदेश चकार शब्द काढत नाही. धूम्रपानाने स्वादुपिंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि विड्या वळून असंख्य घरे चालणाऱ्या आपल्या शहरात हे आधी सांगायला हवे.

सीए १९-९ चे म्हणाल तर पित्ताचा मार्ग अडला तरी तो आकडा वाढतो, आणि प्रत्यारोपणात जोडलेली पित्तनलिका पुढे अरुंद होणे ही परिचित गुंतागुंत आहे. उलट काही लोकांच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही त्यांचा अहवाल सामान्य येतो. डॉक्टर हा आकडा पाहतात, पण स्कॅनच्या जोडीने.

राहिली शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया मोठी असते आणि प्रत्यारोपणानंतर ती अधिक अवघड होते. गाठीमुळे कावीळ होणे, गाठीत घट्ट उंचवटा दिसणे, मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होणे, अशा खुणा असतील तर तिचा गंभीर विचार होतो. गाठ ३ सेंटिमीटरची झाली किंवा भराभर वाढू लागली, तर आधी दुर्बिणीतून सोनोग्राफीसारखी बारकाईची तपासणी करतात. चिकट द्रवाच्या अशा गाठींसाठी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या क्योटो मार्गदर्शक सूचनांनुसार २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कोणतीही धोक्याची खूण नसलेली गाठ सहा महिन्यांनी एकदा पाहून, ती स्थिर असेल तर पुढे दर १८ महिन्यांनी तपासता येते. त्यासाठी एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणारी एमआरआय तपासणी) सोयीची, कारण तिच्यात क्ष-किरण नसतात आणि नलिका पाहण्यासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही. टॅक्रोलिमसने आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडांसाठी हे महत्त्वाचे आहे.

प्रत्येक वेळी जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी, कारण एकट्या मापापेक्षा दोन मापांतला फरक अधिक सांगतो. त्या मुलीला मी प्रत्यारोपणापूर्वीची फाइल आणायला सांगितली. तिच्यात तीच गाठ, त्याच जागी, ९ मिलिमीटरची नोंदलेली होती, म्हणजे टॅक्रोलिमसची पहिली गोळी घेण्याआधीची. आणि आजचे मापही तेवढेच आहे.