पीव्हीपी नुसता चिकटतो का?

साहेब, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्टायरीन, इथेनॉल आणि पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन, इथेनॉलमध्ये विरघळणारं पॉलिमर) एकत्र तापवलं की पॉलिस्टायरीनचे कण मिळतात, पीव्हीपी त्यांच्यावर नुसता चिकटतो, आणि ग्राफ्टिंग, म्हणजे पीव्हीपीची साखळी रासायनिक बंधानं कणाशी जोडली जाणं, हा मी वाढवलेला पसारा आहे. शिरोलीच्या कारखान्यात तुमचं इमल्शन (पाण्यात विखुरलेले पॉलिमरचे कण) तर साबणावरच टिकतं.

साबणाचं आधी संपवू. तुमचं इमल्शन पाण्यातलं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावकात विद्युतभार किती सहज सुटा राहतो याचं माप) ८० च्या घरात, त्यामुळे कणांवरचा विद्युतभार त्यांना लांबूनच ढकलतो. इथेनॉलचा २५ च्या आसपास, हेक्झेनचा तर २ सुद्धा भरत नाही. तिथं भाराच्या भरवशावर बसलात तर रिअॅक्टरच्या तळाशी गोळाच काढावा लागेल. तिथं कणाभोवती द्रावकात पसरलेल्या साखळ्यांचा थरच लागतो. दोन कण भिडले की थर दाबले जातात, साखळ्यांना हलायला जागा उरत नाही, मधे द्रावक शिरतो आणि कण मागे सरतात.

आता खरा वाद. इथेनॉल हा पीव्हीपीचा चांगला द्रावक. मग नुसती चिकटलेली साखळी ताज्या इथेनॉलमध्ये सुटायला हवी ना? धुवून बघा. सेंट्रिफ्यूज करा, वरचं ओता, ताजं घाला, पुन्हा तेच. तरीही हलवलं की कण दुधासारखे विखुरतात, आणि वाळवलेल्या पावडरीच्या आयआर (इन्फ्रारेड) आलेखात १६६० सेमी⁻¹ च्या आसपास पीव्हीपीचा कार्बोनिल (C=O) गट दिसत राहतो. कारण भांड्यातच रॅडिकल (विक्रिया सुरू करणारा अतिक्रियाशील तुकडा) पीव्हीपीवरचा एखादा हायड्रोजन ओढून नेतो आणि त्या जागेवरून पॉलिस्टायरीन वाढतं. ते इथेनॉलला नकोसं, म्हणून कणात रुततं. पीव्हीपीचं अंग बाहेर राहतं. टाकलेल्यातला थोडाच पीव्हीपी असा जोडला जातो, बाकीचा मोकळा फिरतो. मोकळाच जास्त दिसतो, म्हणून तुमची समजूत तशी झाली असणार.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूधच घ्या. केसीनच्या कणांवर कप्पा-केसीनची लव असते. रेनेट (चीज करताना घालतात ते एन्झाइम) फक्त ती लव कापतं, बाकी कशाला हात लावत नाही, तरी दूध साकळतं; म्हणजे कण लांब ठेवत होती ती लवच. (दही लागतं ते आम्लानं, ती भानगड वेगळी.)

पसारा म्हणालात, पण हा पसारा लोक मुद्दाम विकत घेतात. हेक्झेनमध्ये मिथाइल मेथाक्रिलेटचे कण करताना ग्राफ्ट केलेला स्टॅबिलायझर (कणांना गोळा होऊ न देणारा पदार्थ) आधीच बनवून टाकतात. त्याच्या बाहेरच्या साखळ्या बारा-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे मुळात एरंडेलाच्या.

पुढच्या बॅचला रॅडिकल देणाऱ्या एआयबीएनऐवजी बेन्झॉइल पेरॉक्साइड घालून बघा. त्याचे रॅडिकल हायड्रोजन जास्त जोमानं ओढतात. दोन्ही बॅचेस सारख्याच धुवा आणि आयआरचे आलेख इथं टाका, मग बोलू.