दडपण कसलं?

गेली सोळा वर्षं मी इंग्लंडमध्ये आहे. त्यातली सात रुग्णालयांत दुभाषाचं काम करण्यात गेली. मराठी, हिंदी, अडीनडीला गुजराती. जिवंत माणसाची किडनी दुसऱ्याला द्यायची असेल तर इथे 2004 च्या ह्यूमन टिश्यू ॲक्टप्रमाणे आधी एक स्वतंत्र मुलाखत होते. ती घेणारा माणूस प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला नसतो. दात्याशी वेगळं बोलणं, रुग्णाशी वेगळं, मग दोघांशी एकत्र. भाषांतर घरच्यांनी करायचं नाही असा दंडक आहे, म्हणून मला बोलावतात.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका मुलाखतीत दात्या बाईंना प्रश्न आला, "तुम्ही नाही म्हणालात तर घरी काय होईल?" मी तो हिंदीत सांगितला. बाई गप्प. मग माझ्याकडेच वळून त्यांनी हळूच विचारलं, "मी काय बोलले ते हे मुलाखत घेणारे आमच्या यांना सांगतात का?" मी तेही भाषांतर केलं, कारण दुभाषाने मधलं काही गाळायचं नसतं. "नाही" असं उत्तर आलं. त्यानंतर बाई चाळीस मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते मला इथे लिहिता येणार नाही. पण बसमधून घरी येताना मला माझी वहिनी आठवत राहिली.

2023 च्या पावसाळ्यात दादाला वहिनीने किडनी दिली. दादा बी पॉझिटिव्ह, मीही बी पॉझिटिव्ह, वहिनी ओ. म्हणजे रक्तगटापुरतं दोघींचंही जमत होतं. मी फोनवर म्हटलं, मी देते. खरंच म्हटलं. पण माझा पासपोर्ट ब्रिटिश. भारतातल्या अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात 2011 ला जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार सख्खी बहीण असली तरी ती परदेशी नागरिक असेल तर प्राधिकार समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. वकिलातीची कागदपत्रं, तारखा, हेलपाटे. "कशाला तुझी ओढाताण? तुझी नोकरी, दोन मुलं," काका म्हणाले. वहिनीलाही दोन मुलं आहेत आणि नोकरी आहे, हे त्या फोनवर कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. उलट फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, हे आता लिहून टाकते.

पत्नी कायद्याने जवळची नातेवाईक, त्यामुळे तिचं प्रकरण रुग्णालयाच्या पातळीवरच मिटलं. मात्र कागद भरपूर. विवाहाचा दाखला, लग्नातला फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. कॅमेरा लावून मुलाखत झाली. दादा शेजारच्या खुर्चीत. "तुमच्यावर कोणाचं दडपण आहे का?" वहिनी हसली आणि म्हणाली, "दडपण कसलं?" झालं. मी त्या वेळी तिथे होते, बाहेरच्या बाकावर, आणि किती सुरळीत पार पडलं म्हणून खूश होते. याच कायद्याच्या 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्ण सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्या. ती पडताळणी दिरांनी केली. सही करून.

आपल्याकडे या विषयावर वाद पेटतो तो किडनीविक्रीचं रॅकेट उघडकीला आलं की. खोटी बायको उभी केली, बनावट कागद जोडले, मग मागणी होते की तपासणी आणखी कडक करा. हवीच. पण ही सगळी तपासणी एकच गोष्ट शोधते: ही बाई याची बायको आहे का? ती खरी बायको निघाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माझ्या मते खरा प्रश्न तिथून सुरू होतो. 2019 ते 2023 या काळात भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत जवळपास 64 टक्के स्त्रिया होत्या, आणि अवयव मिळालेल्यांत पुरुष दुपटीहून जास्त. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने, म्हणजे नोटोने, प्रतीक्षायादीत स्त्रियांना प्राधान्य द्या असं सांगितलं. चांगलंच आहे. पण ती यादी मृत दात्यांच्या अवयवांची, आणि आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या जिवावर चालतात.

इंग्लंडचे गोडवे गाण्यात मला रस नाही. 2020 च्या मे महिन्यापासून इथे 'नको' म्हणून नोंद नसेल तर मृत्यूनंतरच्या अवयवदानाला संमती गृहीत धरतात, तरी शेवटी नातेवाइकांना विचारलंच जातं, आणि आपल्या लोकांकडून नकार जास्त येतो. मग आपलेच लोक इतरांपेक्षा जास्त काळ रांगेत थांबतात. नवऱ्याला 'नाही' म्हणणं इथल्या बायकांनाही जड जातं. फक्त ते म्हणायला इथे एक बंद दार असतं. दात्याचे डॉक्टरही शक्यतो वेगळे ठेवतात, आणि दाता मागे फिरला तर कारण रुग्णापर्यंत जात नाही.

शिवाय बुडालेला पगार. इथे दात्याला तो मागता येतो. भारतात केंद्र सरकारी नोकरांना 2023 पासून 42 दिवसांची खास रजा आहे, पण वहिनी खासगी शाळेत शिकवते. तिचे सहा आठवडे बिनपगारी गेले. दाता पैसे घेत नाही म्हणून त्याचं नुकसानही कोणी भरायचं नाही, हा हिशेब मला कधी कळलेला नाही.

तिची डावी किडनी काढली. सहसा डावीच काढतात, तिची शीर लांब असते, जोडायला सोपी. ती दादाच्या पोटात उजवीकडे खाली बसवली, आणि जुन्या दोन्ही तशाच ठेवल्या. त्यामुळे घरात विनोद झालाय: दादाकडे तीन, वहिनीकडे एक. ती पण हसते.

त्या मुलाखतीनंतर मी तिला फोन केला आणि तोच प्रश्न विचारला. नाही म्हणाली असतीस तर? ती जरा थांबून म्हणाली, "दिली मीच असती गं. पण आधीच्या दोन रात्री मी झोपले नव्हते. ते कोणाला सांगायचं?"

दादाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, दर महिन्याला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागते. मी विचारलं, तुझं शेवटचं कधी तपासलं? दीड वर्षापूर्वी. तपासून घे म्हणून मी मागे लागले. परवा रात्री तिने रिपोर्टचा फोटो फक्त मला पाठवला. क्रिएटिनिन 1.1, रक्तदाब थोडा वर. खाली लिहिलं होतं, "ग्रुपवर टाकू नकोस."