‘नाटकात काही ठेवलं नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा वडशाला उतरावं

दिवाळीच्या तोंडावर आमच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. लिहिणाऱ्याचं नाव नाही. दर वर्षी दोन-चार शब्द बदलून तो फिरतोच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मराठी नाटकाचा प्रेक्षक मोबाइलने खाल्ला, नाटकावर पोट भरत नाही, नाटक ही मालिका-सिनेमात शिरायची पायरी आहे, वर जाता आलं नाही तेच तिथं उरतात, आणि गावाकडचं नाटक तर कलाच नव्हे, रात्रभराचा धिंगाणा. शेवटी हात जोडून विनंती, पोरांना या नादी लावू नका. खाली माझ्या भाच्याचा प्रश्न: “खरं आहे का जी मामा?”

भाचा बारावीत आहे. मागच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकात त्याने हवालदाराचं काम केलं, टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून त्याचं पाऊल जमिनीवर नाही. म्हणून त्याला ग्रुपवरच उत्तर द्यायला बसलो. ते लांबलं.

प्रेक्षक कुठे गेला?

कुठेच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथलं नाटक दिवाळीला सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं. हा काळ कुणी कॅलेंडर बघून ठरवलेला नाही. धान कापून झालं, चुरणं झालं, हातात चार पैसे आले की मंडई भरते. शेजारच्या गावाची तारीख आपल्या तारखेवर येऊ नये याची काळजी घेतली जाते, कारण पाहुणे दोन्हीकडचे तेच असतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरात झोपायला जागा नसते. जागा लागतही नाही, कारण सगळे रात्री दहाला नाटकाला बसतात आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर उठतात.

या सगळ्याचा बाजार म्हणजे वडसा. कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. रस्त्याला लागून नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर नट-नट्यांचे फोटो लावलेले फलक. दसरा झाला की गावोगावची मंडळं खिशात इसाराचे पैसे घेऊन इथं उतरतात. तिथं पहिला प्रश्न ‘कोणतं नाटक?’ असा नसतो, ‘तारीख आहे का?’ असा असतो. गाव कंपनीला ठोक रक्कम देतं, शामियाना आणि बिछायत स्वतः बघतं, तिकीट लावतं. उरलं तर देवळाच्या कामाला, बुडालं तर मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी आठ दिवस भांडण.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद झाले. दिवसा पट, रात्री नाटक अशी जोडी होती; तेव्हा आमच्याकडचेच शहाणे म्हणाले की आता नाटकही जाणार. २०२१च्या डिसेंबरात अटी घालून पटाला परवानगी परत मिळाली. मधली सात वर्षं बैल गोठ्यात होते, कोरोनाचा काळ सोडला तर नाटकं होतच होती. त्याच सात वर्षांत हातोहाती स्मार्टफोनही आले. थंडीत कांबळं पांघरून सात तास बसणाऱ्या बाईला मोबाइल काय असतो हे माहीत नाही, असं त्या मजकूरवाल्याला वाटतं की काय? तिच्या कमरेला असतो तो. मध्येच गाणं आवडलं तर रेकॉर्डही करते.

पायरीची गोष्ट

यावर फार वेळ घालवत नाही. प्रशांत दामले बेस्टमधली नोकरी सोडून नाटकात आले. १९८३च्या ‘टूरटूर’पासून धरलं तर ६ नोव्हेंबर २०२२ला त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. भागाकार करून बघा, वर्षाला तीनशेवर प्रयोग पडतात. मधून मधून सिनेमे केले, मालिका केल्या, टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही केला. पण पायरीवर एवढा मुक्काम कोणी करत नाही.

आमच्याकडे तर उलटी गाडी आहे. हंगामात मुंबई-पुण्याचे कलाकार वडशाला येऊन राहतात, कारण तिकडे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी आणि इकडे वार कोणी विचारत नाही. टीव्हीवर दिसलेला चेहरा नाटकाच्या पत्रिकेत सगळ्यात वर, मोठ्या फोटोत छापतात, हे खरं. मालिकेने शहरातल्या नाटकाच्या तारखा खाल्ल्या, हेही खरं. पण त्यावरून ‘उरलेले ते टाकाऊ’ हा निष्कर्ष काढणाऱ्याने एकदा तरी सलग सहा रात्री उभं राहून दाखवावं.

आणि धिंगाणा?

नाच असतात. दुअर्थी विनोद असतात, कधी कधी इतके की मीही ऑर्गन वाजवताना मान खाली घालून बसलोय. ते मी झाकणार नाही. पण त्याच रात्री पुढच्या अंकात हुंडा, दारू, जमिनीची वाटणी येते आणि सबंध शामियाना चिडीचूप होतो.

अभिनय भडक वाटतो, ही शहरातल्या पाहुण्याची नेहमीची तक्रार. वर टांगलेले तीन-चार माइक, त्यांच्या खाली येऊन वाक्य फेकायचं, मागे झाडाखाली बसलेल्या शेवटच्या माणसाला चेहरा दिसत नाही म्हणून तेच वाक्य हाताने आणि खांद्याने पुन्हा सांगायचं. दोनशे खुर्च्यांच्या बंद थिएटरातली कुजबुज इथं पहिल्या रांगेच्या पुढे जाणार नाही.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा सांगितला गेलेला आकडा होता पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका. लोक पाच हजारांवर थांबतात. मला आठशे जास्त मोठा वाटतो. मुंबईत एक नाटक लागलं की तीच भूमिका वर्षानुवर्षं चालते. इथं या गावाने बघितलेलं नाटक शेजारच्या गावाला नको असतं, त्यामुळे आज इन्स्पेक्टर, उद्या वेडा, परवा सासरा. एवढं पाठांतर डोक्यात घेऊन फिरणं म्हणजे काय, हे भाच्या, तुझ्या हवालदाराच्या चार वाक्यांवरून ओळख.

पोट

इथं मात्र त्या मजकुरात अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त.

नाटकवाल्याला पगार नसतो, ‘नाईट’ असते. मुंबईत असो की वडशाला, नटाची, वादकाची, लाइटवाल्याची किंमत प्रयोगागणिक ठरते. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. समजा हंगामात शंभर नाईट मिळाल्या, तर उरलेले दोनशे पासष्ट दिवस त्याच पैशात काढायचे. म्हणून इथला नट पावसाळ्यात रोवणीला चिखलात दिसतो. कुणाचं सलून आहे, कुणी शिकवणी घेतो, मी लग्नात वाजवतो. शहरातही वेगळं नाही, तिथं शेताच्या जागी मालिका आहे. शिवाय नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे दर तिथंच येऊन अडतो. खर्च वाढला की ओढाताण कुणाच्या नाईटमध्ये होते ते सांगायला नको.

एका हंगामात माझ्या शेवटच्या नऊ नाईट बुडाल्या. कंपनीचं नाव घेत नाही, मालक आता या धंद्यात नाहीत. पण त्या नऊही रात्री शामियाना भरलेला होता, हे मी समोर बसून बघितलंय. मागची बिछायत कमी पडून लोक बैलबंडीवर चढले होते. गावाने ठरलेले पैसे चुकते केले होते. पैसा आला, फक्त ऑर्गनपर्यंत पोचला नाही, कारण माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. आमच्यात सगळा व्यवहार शब्दावर.

मजकूरवाला म्हणतो, लोक येत नाहीत म्हणून कलाकार उपाशी. मी म्हणतो, लोक येतात आणि तरीही कलाकार कधी कधी उपाशी राहतो. त्याचं कारण प्रेक्षकात शोधून सापडणार नाही. पहाटे नाटक सुटल्यावर कलाकारांना झोपाळलेल्या ड्रायव्हरच्या हवाली करून पुढच्या गावाला नेतात, त्या गाडीत विम्याचा कागद कुणी विचारत नाही. पीएफ नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने पडदा पडला तेव्हा कुणाला नोटीस मिळाली नाही, कारण कुणी नोकरीवर नव्हतंच. पन्नाशी उलटल्यावर सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत नाव लागलं तर २०२४ पासून महिन्याला पाच हजार मिळतात. ते लागावं म्हणून जुन्या पत्रिका पुरावा म्हणून सांभाळून ठेवाव्या लागतात. आमच्याकडे पत्रिका चुलीत जातात. तू जपून ठेव, हवालदाराची ती पहिली पत्रिकाही.

तर भाच्या, उत्तर असं आहे. नाटकात जायचं की नाही ते तुझ्या आईशी बोलून ठरव, माझी बहीण मला ओरडेल असं काही मी इथं लिहिणार नाही. बारावीचे पेपर ऐन हंगामात येतात, तेव्हा यंदा फक्त गावातली ती एक रात्र. पुढच्या दसऱ्याला मंडळ वडशाला जाईल तेव्हा माझ्यासोबत चल. इसाराची पावती कशी लिहून घ्यायची आणि नाईट कुणासमोर बोलायची, ते तिथंच दाखवतो.