गाव उठलं होतं, माणसं नाहीशी झाली नव्हती

"अमेरिकेच्या वाळवंटात शेकडो खोल्यांची इमारत बांधणारी 'अनासाझी' जमात एका रात्रीत गायब झाली. भांडीकुंडी जागच्या जागी राहिली. आज त्यांचा एकही वंशज नाही. परग्रहवासीयांनी नेलं का?" ही पोस्ट नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्यांदा आली. शेवटी एक प्रेमळ सल्लाही होता: कधी गेलात तर आठवण म्हणून एखादं खापर खिशात टाका, तिथे विचारणारं कुणी नाही. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनला मी जाऊन आलेय, म्हणून काकांनी खाली लिहिलं, "खरं का गं?"

नाही काका.

आधी ती 'एक रात्र'. पोस्टमधली ती शेकडो खोल्यांची इमारत म्हणजे चाकोतलं सगळ्यात मोठं घर, पुएब्लो बोनितो. ते साधारण इ. स. ८५० पासून ११५० पर्यंत टप्प्याटप्प्याने बांधलं गेलं. हे कळतं छताच्या तुळयांवरून. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी खोडांमधली वार्षिक वलयं एकमेकांशी जुळवत कालगणना उभी केली आणि तिच्यातला तुटलेला दुवा १९२९ साली अ‍ॅरिझोनातल्या शो लो गावी मिळालेल्या एका जळक्या तुळईने सांधला. पाऊस चांगला झाला की वलय रुंद, दुष्काळात चिंचोळं. म्हणजे झाड कधी तोडलं ते कळतं आणि त्या वर्षी पाणी किती होतं तेही. ११३० च्या सुमारास लांबलचक अवर्षण सुरू होतं आणि चाकोतलं बांधकाम थंडावतं. उत्तरेला कोलोरॅडोत, मेसा व्हर्देच्या कपारींतल्या घरांसाठी शेवटची झाडं तोडली गेली ती १२८० च्या आसपास. तिथे १२७६ ते १२९९ असा दुसरा मोठा दुष्काळ आहे. त्यात दाटलेली वस्ती, मारामाऱ्या, संपत आलेलं लाकूड. कशाचा वाटा किती यावर अभ्यासक अजून भांडतात. पण ही 'रात्र' दीडशे वर्षांची होती, यावर भांडण नाही.

भांडी मागे का राहिली? त्यांच्याकडे बैल नव्हता, गाडी नव्हती; घोडा तर पुढे स्पॅनिश लोकांबरोबर आला. मका दळायचा दगडी पाटा डोक्यावर घेऊन शेकडो किलोमीटर कोण चालेल? उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते बघून पळसदेवची माणसं गायब झाली, असं आपण म्हणतो का? गाव उठलं, असं म्हणतो.

उठून गेली कुठे, तर दक्षिणेला आणि पूर्वेला, रिओ ग्रांदे नदीकाठी, झुनी आणि होपी लोकांच्या मुलखात. त्यांच्या वंशजांना पुएब्लो लोक म्हणतात; न्यू मेक्सिकोत आज त्यांची १९ गावं नांदती आहेत, अ‍ॅरिझोनात होपी आहेत. आमचे पूर्वज तिकडून आले, हे ते पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. ऐकणाऱ्यांनीच ते 'दंतकथा' म्हणून बाजूला ठेवलं. मला सगळ्यात आवडलेला पुरावा टर्की कोंबड्यांचा आहे. मेसा व्हर्दे भागातल्या जुन्या टर्कींचा डीएनए आणि नंतरच्या काळातल्या रिओ ग्रांदेकाठच्या टर्कींचा डीएनए जुळतो, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसं निघाली ती कोंबड्या घेऊन निघाली! २०२५ मध्ये त्या १९ पैकी पिकुरिस गावाने स्वतः पुढाकार घेऊन संशोधकांकडून स्वतःच्या डीएनएची तुलना करवून घेतली, तर चाकोतल्या प्राचीन लोकांशी जवळचं नातं निघालं. आणि १६८० साली याच 'नामशेष' लोकांनी गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव पाठवून उठावाचा दिवस ठरवला होता. रोज एक गाठ सोडायची. पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या त्या उठावाने स्पॅनिश सत्ता बारा वर्षं तिथून हाकलली.

'अनासाझी' हे त्यांचं स्वतःचं नावही नाही. शब्द शेजारच्या नवाहो जमातीचा, अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज'. वंशजांना तो खटकतो. होपी म्हणतात हिसात्सिनोम.

परग्रहवासीयांवर फार शब्द घालवत नाही. चाकोतल्या मोठ्या घरांसाठी दोन लाखांहून जास्त खोडं लागली असा अंदाज आहे. त्यातली बरीचशी चुस्का आणि झुनी डोंगरांतून, पाऊणशे किलोमीटरवरून, माणसांनी वाहून आणली. पुएब्लो बोनितोच्या मागे एक प्रचंड सुळका कड्यापासून सुटा उभा होता. तो पडू नये म्हणून त्यांनी त्याच्या पायथ्याला दगडमातीचा आधार बांधला. १९४१ च्या जानेवारीत तो अखेर पडला आणि तीसेक खोल्या चिरडल्या. आकाशातून आलेल्यांनी जागा जरा बघून निवडली असती.

राहता राहिलं खापर. ते उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आधी. जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला जवळपास निरुपयोगी होतं, हे नंतर. पण मला डाचतो तो 'विचारणारं कुणी नाही' हा भाग. तिथे किवा नावाच्या गोल, जमिनीत उतरलेल्या खोल्या आहेत, पूजाविधींच्या. पुएब्लो लोक आजही त्या जागी प्रार्थनेला येतात. घराचे दरवाजे इतके बुटके की मी प्रत्येक उंबऱ्याशी वाकले. तसं वाकून आत गेल्यावर खिशात काही टाकायचा धीर होत नाही.

जाणार असाल तर पाणी, खाणं आणि भरलेली टाकी घेऊन जा, शेवटचा रस्ता कच्चा आणि हाडं खिळखिळी करणारा आहे. आणि परतताना आकोमाला थांबा. उंच पठारावरचं गाव, शेकडो वर्षं सलग वसलेलं. वर जायचं ते त्यांच्याच वाटाड्याबरोबर, फोटो काढायचा तर परवाना घेऊन. गल्लीत टेबल मांडून बायका स्वतः घडवलेली भांडी विकत असतात. खापर हवंच असेल तर तिथे अख्खं मिळतं, पैसे मोजून.