‘वीस पट फ्लो द्या’ म्हणजे नेमकं काय द्या?

रीफ टँक म्हणजे घरात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तशी टाकी ठेवणाऱ्यांच्या मराठी ग्रुपांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: टाकीत जितकं पाणी, त्याच्या वीस पट ताशी लिटरचा पंप घ्या, जास्त असला तर उत्तमच. पंपाचं तोंड कोरलकडे ठेवा, म्हणजे घाण बसत नाही. सम्पच्या (टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीच्या) रिटर्न पंपाचा, म्हणजे तिथून पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाचा, आकडाही वीस पटीत धरा. आणि रात्री सगळं बंद करा, समुद्रही रात्री शांत होतो. नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवून खर्च करतो आणि काही महिन्यांनी विचारतो, पाण्याच्या टेस्ट सगळ्या बरोबर येतात, मग कोरल का मरतंय? त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी त्या वीस पटीचंच बघू. चार फुटी टाकी घ्या, १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. काठोकाठ २४३ लिटर. वीस पट म्हणजे ताशी साधारण ५,००० लिटर, सेकंदाला जवळपास १.४ लिटर. एवढं पाणी २ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून सोडलं, तर तिथे वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर जातो. ७ सेंटिमीटर तोंडाच्या प्रोपेलर पंपातून सोडलं, तर ३६ सेंटिमीटर. आणि तेच पाणी टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्या रुंदी-उंचीभर सारखं पसरून वाहिलं असं धरलं, तर सेकंदाला १ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. प्रत्यक्षात धार आजूबाजूचं पाणीही ओढत नेते, त्यामुळे खरा वेग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि टाकीत जागोजागी वेगळा असतो. खोक्यावरचा आकडा मात्र तिन्ही वेळा तोच!

कोरलला फरक पडतो तो अंगावरून जाणाऱ्या पाण्याच्या वेगाचा. त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ थिजलेला थर असतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, जे काही आतबाहेर जायचं ते या थरातून झिरपतच जातं. बाहेरचं पाणी जितकं हलतं, तितका हा थर बारीक होतो. दिवसा तर कोरलच्या आतल्या शैवालाने तयार केलेला ऑक्सिजन बाहेर पडणंही गरजेचं असतं. पाणी हललं की हा ऑक्सिजन वेळेवर निघून जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं, हे तली मास आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं. त्याआधी २००१ मध्ये नाकामुरा आणि व्हॅन वोसिक यांनी जपानमधल्या ओकिनावाच्या अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलवर प्रयोग केला होता. तापलेल्या पाण्यात सेकंदाला २-३ सेंटिमीटर वेगात ठेवलेले कोरल पांढरे पडले आणि त्यातले बरेच मेले. ५० ते ७० सेंटिमीटर वेगात ठेवलेले तगले. एवढं ज्याच्यावर अवलंबून आहे, ती गोष्ट ‘पटी’त मोजून कशी चालेल?

आता तोंड कोरलकडे ठेवायचा सल्ला. हा मी स्वतः पाळला होता. माझी टाकी न्यू जर्सीत आहे. तिच्यात एक टॉर्च कोरल होतं, दोन डोक्यांचं. पंप सरळ त्याच्यावर रोखला. आठवडाभर त्याचे सगळे हात एकाच बाजूला आडवे पडलेले दिसायचे आणि मला वाटायचं, काय छान डुलतंय! मग पंपाकडच्या कडेला पांढरी रेघ दिसली. टॉर्चच्या सांगाड्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. एकाच बाजूने सतत ढकललं गेलेलं मांस त्या कडांवर घासून फाटलं होतं. पुढच्या चार दिवसांत ते डोकं गेलं. त्याच पंपाचं तोंड समोरच्या काचेकडे वळवलं, तेव्हा पाणी काचेवर फुटून, विखरून यायला लागलं आणि दुसरं डोकं वाचलं. दोन पंप असतील तर समोरासमोर ठेवा आणि आळीपाळीने चालवा. कोरलचे हात कधी इकडे, कधी तिकडे गेले पाहिजेत.

‘जास्त तितकं चांगलं’ हेही सगळ्यांना लागू नाही. झोआ आणि मश्रूम ही मऊ अंगाची कोरलं जोराच्या पाण्यात मिटून बसतात, वाळूत खड्डे पडतात, आणि वेग फार झाला की पॉलिपला, म्हणजे कोरलमधल्या एकेका छोट्या जिवाला, अन्न पकडताच येत नाही. पोसिलोपोरा हे फांद्यांचं कोरल शांत पाण्यात बारीक, विरळ फांद्या काढतं आणि लाटांच्या पाण्यात जाड, दाट. पाणी कसं आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

रिटर्न पंपाबद्दल एवढंच, की खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळतो. सम्पपासून टाकीपर्यंत चढवलं की तो बराच घटतो. त्याचं काम पाणी सम्पमधून फिरवण्याचं आहे, तेवढंच त्याच्याकडून घ्या.

सगळ्यात घातक मुद्दा रात्रीचा. मालवणच्या किनाऱ्यावर रात्री वारा पडला की पाणी तव्यासारखं सपाट दिसतं, त्यावरूनच हा समज झाला असावा. पण उधाण असो की भांग, भरती-ओहोटी दर सहा तासांनी फिरतेच आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांवरून पाणी रात्रीही जातच असतं. (ते प्रवाळ तिथेच बघावेत. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रातून काढणं गुन्हा आहे.) टाकीत दिवे गेले की ऑक्सिजन तयार होणं थांबतं, पण मासे, कोरल, दगडांतले जिवाणू, सगळ्यांचं श्वास घेणं चालूच राहतं. २५ अंशाच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळात लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. १९९५ मध्ये क्यूल आणि सहकाऱ्यांनी सुईसारखे बारीक संवेदक कोरलच्या पृष्ठभागाला लावून मोजलं. प्रकाशात तिथे ऑक्सिजन नेहमीच्या दुपटीच्या वर, अंधार केल्यावर काही मिनिटांत जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या वेळी कोरल गुदमरायला आलेलं असतं, नेमकं त्याच वेळी हा मेसेज पाणी थांबवायला सांगतो. रात्री जोर थोडा कमी करा हवा तर, पण पाण्याचा पृष्ठभाग हलता राहू द्या.

मोजायचं कसं, तर काचेवर ३० सेंटिमीटर अंतराने टेपच्या दोन पट्ट्या लावा. गोठवलेलं ब्राइन श्रिम्प (माशांना घालतात ती बारीक कोळंबी) पाण्यात सुटं करून पिपेटने कोरलशेजारी सोडा आणि एक कण एका पट्टीपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद घेतो ते मोबाइलवर मोजा. तीन सेकंद लागले तर वेग १० सेंटिमीटर. पाच-सहा वेळा करा, कारण दर वेळी वेगळं येतं. कोरल वाढलं की पुन्हा मोजा. माझ्याकडे मॉन्टीपोरा या कोरलची थाळीसारखी पसरणारी वसाहत दोन वर्षांत हाताच्या पंजापेक्षा मोठी झाली. गेल्या महिन्यात तिच्या मागे मोजलं तर कणाला अकरा सेकंद लागले आणि खालच्या दगडावर राखाडी गाळ साचलेला होता. पंप तोच ठेवला, फक्त चार बोटं वर सरकवला. आता चार सेकंद लागतात.